मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर एकच, मग जाताना १६ तास आणि येताना १४-१५ कसे?

कराडकर_आबा:

नमस्कार मंडळी. मुलगी जर्सी सिटीला असते, तिच्या बाळंतपणाला आमची ही जानेवारीत जायचं म्हणतेय आणि मी मागाहून मार्चमध्ये. हिने सिंगापूरच्या पलीकडे विमान पाहिलेलं नाही आणि या वेळी एकटीनेच जायचंय, त्यामुळे सध्या रोज रात्रीचं जेवण झालं की मी मोबाईल घेऊन हेच शोधत बसतो आणि जेवढं शोधावं तेवढा डोक्याचा भुगा होतोय.

पहिला घोळ अंतराचा. एका साइटवर मुंबई ते न्यूयॉर्कचा जेएफके विमानतळ १२,५४० किमी. दुसरीवर ७,७९० मैल. तिसरीवर ६,७७० मैल. आता दोन्हीकडे मैलच म्हणतायत ना, मग हजार मैल गेले कुठे?

दुसरा घोळ वेळेचा. याच साइट्स सांगतात प्रवास १४ तास, फार तर साडेचौदा. तिकिटाच्या साइटवर मात्र थेट विमानाला जाताना १६ तासांच्या आसपास आणि येताना १५ च्या आत असं दिसतंय. अहो रस्ता तोच, विमान तेच, मग जाताना मध्ये खंबाटकी लागतो की काय?

तिसरं म्हणजे भिंतीवरच्या नकाशात मी पट्टी लावून पाहिली तर रेघ सौदी, इजिप्त, लिबिया, मोरोक्को आणि मग सगळा अटलांटिक अशी जाते. भाच्याने अ‍ॅपवर चालू विमान दाखवलं ते कुठे तर ग्रीनलंडच्या खाली! एवढं वर जायची गरज काय?

आणि खरा प्रश्न हा की थेट विमान घ्यावं का मध्ये थांबा असलेलं. जावई म्हणतात थेटच घ्या, मुलगी म्हणते आईचे गुडघे एवढा वेळ एका जागी बसून धरतील. थांबा घेतला तर किती लांबचा वळसा पडतो? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पुणेरी_पुरवणी:

आबा, मैलांचं उत्तर सोपं आहे. जमिनीवरचा मैल १.६०९ किमीचा आणि विमान-जहाजवाल्यांचा नॉटिकल मैल १.८५२ किमीचा. १२,५४० ला दोन्हीने भागून बघा, तुमचे दोन्ही आकडे बरोबर येतात. साइटवाल्यांनी कुठला मैल ते लिहायला हवं होतं, पण ते कोण लिहितंय.

आणि त्या साइट्सवरच्या तासांवर अजिबात जाऊ नका. बहुतेक ठिकाणी अंतराला एका ठरावीक वेगाने, म्हणजे ताशी ८५०-९०० किमीने, भागलेलं असतं आणि वर चढ-उताराचा अर्धा तास चिकटवलेला असतो. त्यात वारा नाही, वळसा नाही, काही नाही. त्या हिशोबाने दोन्ही बाजूंनी वेळ सारखीच येणार.

बापूराव_एम:

येताना कमी वेळ लागतो त्याचं कारण पृथ्वी फिरते. आपण वर असतो तोवर खालून पृथ्वी सरकते. शाळेत शिकलोय.

भूगोल_बाई:

बापूराव, कुठल्या शाळेत हो? तसं असतं तर हेलिकॉप्टरने नुसतं जागेवर उभं राहायचं आणि खाली नाशिक गेलं, दुबई आली की उतरायचं, इंधनाचा प्रश्नच मिटला असता. पृथ्वीबरोबर हवासुद्धा फिरते आणि विमान त्या हवेत उडतं. शिवाय पृथ्वी फिरते पश्चिमेकडून पूर्वेकडे, म्हणजे तुमच्याच हिशोबाने न्यूयॉर्क आपल्याकडे यायला पाहिजे आणि जाताना वेळ कमी लागायला पाहिजे. होतं नेमकं उलटं. फिरण्याचा संबंध आहे, पण तो वाऱ्यांमार्फत आहे, ते पुढे कुणीतरी लिहीलच.

आबांच्या पट्टीबद्दल बोलते कारण हे मी वर्षानुवर्षं वर्गात करून दाखवलंय. भिंतीवरचा नकाशा म्हणजे गोल पृष्ठभाग ओढून-ताणून सपाट केलेला असतो आणि जितकं ध्रुवाकडे जावं तितकं ते ताणणं वाढत जातं, म्हणून त्यात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. अशा नकाशावरची सरळ रेघ पृथ्वीवर सरळ नसते. घरात जुना पृथ्वीगोल असेल तर एक दोरा घ्या, एक टोक मुंबईवर दाबा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा घट्ट ओढा. दोरा आपोआप वर सरकतो. वर्गात पोरं तो दोरा हाताने खाली इजिप्तवर आणायला बघतात आणि आणला की दोरा कमी पडतो, मग गप्प बसतात. तेवढं एक प्रात्यक्षिक केलं की पुढचं फळ्यावरचं बृहत्‌वृत्त (गोलावरची सगळ्यात जवळची वाट ज्यावरून जाते ते मोठं वर्तुळ) वगैरे कुणी विचारत पण नाही.

मी हे गणिताने पण काढून पाहिलं. मुंबईहून सगळ्यात जवळची वाट निघते वायव्येपेक्षाही जास्त उत्तरेकडे. ती सिंधमध्ये मोहेंजोदडोजवळून जाते, मग अफगाणिस्तानात कंदाहारच्या बाजूने, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानचं पश्चिम टोक, मॉस्कोचा परिसर, नॉर्वेत ट्रॉन्डहाइम, आणि आइसलंडच्या पूर्वेला समुद्रात ती सगळ्यात वर म्हणजे ६५ अंश उत्तरेच्या जवळ पोचते. तिथून खाली उतरायला लागते, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाखालून लॅब्राडोर, मेन आणि न्यूयॉर्क. ही झाली १२,५४० किमी. आबांच्या पट्टीची रेघ धरून उडलं तर १४,२०० च्या आसपास होतात, म्हणजे दीडहजाराहून जास्त किलोमीटर फुकट.

बापूराव_एम:

बाई बरोबर बोलतायत बहुतेक. पण मोहेंजोदडोवरून आपलं विमान कोण जाऊ देणार?

माजी_डिस्पॅचर:

बापूरावांनी बरोबर जागेवर बोट ठेवलंय. मी एका विमान कंपनीत ऑपरेशन्स कंट्रोलला होतो, फ्लाइट डिस्पॅच म्हणजे रोजचा फ्लाइट प्लॅन काढून पायलटला द्यायचा आणि तो दोघांनी मिळून मान्य करायचा हे काम, आता निवृत्त आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

बाईंनी सांगितलेली रेघ ही कागदावरची. प्रत्यक्षात तीन गोष्टी विमानाला त्या रेघेवरून ढकलतात: कुणाची हद्द बंद आहे, वारा कसा आहे आणि वाटेत इमर्जन्सीला उतरायला विमानतळ कुठे आहेत.

हद्दीचं आधी. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं, आपणही त्यांना केलं. हे पहिल्यांदा नाही, २०१९ ला बालाकोटनंतर फेब्रुवारीअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत असंच होतं. दिल्लीवाल्यांना याचा दणका जास्त बसतो कारण त्यांना पश्चिमेला निघायचं तर आधी खाली गुजरातकडे यावं लागतं आणि मग समुद्रावरून वळावं लागतं, अमेरिकेची काही विमानं तर व्हिएन्नाला इंधनासाठी उतरवावी लागली. मुंबईचं नशीब बरं, दारातच अरबी समुद्र आहे. तिथून सरळ पश्चिमेला, ओमान-आखाताच्या बाजूने वर, मग त्या दिवशी जो पट्टा सुरक्षित आणि उघडा असेल त्यातून तुर्कस्तान, युरोप. पश्चिम आशियात काही पेटलं की हा पट्टापण आक्रसतो आणि मग सगळ्या जगाची विमानं त्याच चिंचोळ्या जागेत रांगेने.

यातली गंमत बघा. भारतीय कंपनीला रशियावरून जायला मनाई नाही पण रशियाकडे नेणारी जवळची वाट पाकिस्तानातून जाते ती बंद. अमेरिकन कंपनीला पाकिस्तान चालतो पण २०२२ पासून रशिया बंद. म्हणजे दोघांकडे अर्धा-अर्धा रस्ता आहे.

आता वारा. आपल्या उत्तर गोलार्धात मधल्या अक्षांशांवर साधारण ९ ते १२ किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे असतात, जेट स्ट्रीम. उष्ण कटिबंध आणि ध्रुव यांच्या तापमानातल्या फरकामुळे ते तयार होतात आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेकडे वळतात, बापूरावांचा मुद्दा इथे अर्धा वसूल. हिवाळ्यात तो तापमानाचा फरक वाढतो म्हणून वारेही तगडे होतात, गाभ्यात ताशी २०० किमी म्हणजे काही विशेष नाही. आणि विमानं नेमकी याच उंचीवर उडतात. बरं हे सगळीकडे सारखे नसतात, नागमोडी असतात, रोज जागा बदलतात.

हिशोब करून दाखवतो. विमानाचा हवेतला वेग धरा ताशी ९०० किमी. १२,५४० भागिले ९०० म्हणजे १४ तास, हे तुमच्या साइटचं उत्तर. आता जाताना सरासरी फक्त ६० किमीचा समोरचा वारा धरा. वेग राहिला ८४०, वेळ झाली १५ तासांना जरा कमी. येताना तेवढाच वारा पाठीशी, वेग ९६०, वेळ १३ तास. दोन तासांचा फरक नुसत्या वाऱ्याने पडला. त्यात जाताना वळसा धरून अंतर समजा १३,२०० झालं तर १५ तास ४० मिनिटं हवेत. आणि तिकिटावर जी वेळ छापतात ती हवेतली नसतेच, ती ब्लॉक टाइम असते, म्हणजे गेटवर चाकांचे चॉक (अडवायचे ठोकळे) काढल्यापासून तिकडे चॉक लावेपर्यंत. मुंबईत धावपट्टीच्या रांगेत वीस मिनिटं, जेएफकेला उतरल्यावर गेट रिकामं होईपर्यंत आणखी काही. झाले ना सोळा-सव्वासोळा?

म्हणून डिस्पॅचर कधीच सगळ्यात कमी किलोमीटर शोधत नाही, तो सगळ्यात कमी वेळ आणि इंधन शोधतो. जाताना जेटच्या बाहेरून, बऱ्याचदा आणखी उत्तरेकडून काढायचं, येताना दक्षिणेला येऊन त्याच्या पोटात बसायचं. म्हणूनच आबा, "रस्ता तोच" हे तुमचं गृहीतकच गडबडतं, जाण्यायेण्याचा रस्ता एकच असेल असं नाही आणि आजचा रस्ता उद्या असेल असंही नाही. अटलांटिकवर तर रोज वाऱ्याचा अंदाज बघून नवीन ट्रॅक आखतात, दिवसा पश्चिमेकडे जाणाऱ्यांसाठी वेगळे आणि रात्री युरोपकडे येणाऱ्यांसाठी वेगळे.

याचं सगळ्यात भारी उदाहरण एअर इंडियाच्या दिल्ली–सॅन फ्रान्सिस्कोचं. २०१५ मध्ये सुरू झालं तेव्हा ते अटलांटिकवरून, म्हणजे समोरच्या वाऱ्यात जायचं, सुमारे १३,९०० किमी. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी तेच विमान उलट्या बाजूने, पूर्वेकडून, पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर झालं १५,३०० किमी, म्हणजे चौदाशे किलोमीटर जास्त, आणि तरी साडेचौदा तासांत पोचलं, आधीपेक्षा दोनेक तास लवकर! आमच्या ऑफिसात तेव्हा दोन दिवस दुसरा विषय नव्हता.

तिसरा मुद्दा थोडक्यात. दोन इंजिनांच्या विमानाला एक इंजिन बंद पडलं तर ठरलेल्या वेळेत पोचता येईल असा विमानतळ सतत टप्प्यात ठेवावा लागतो. अटलांटिकवर मग आइसलंडमधलं केफ्लाविक, कॅनडातलं गूज बे, गँडर ही नावं प्लॅनमध्ये येतात. तिथे हिमवादळ असेल तर रेघ सरकते.

आणि इंधन. या आकाराचं विमान तासाला साधारण सात-आठ टन इंधन पितं. तासभर वळसा म्हणजे तेवढं जादा भरा, आणि जादा भरलं की विमान जड, जड विमान आणखी पितं. वजनाची मर्यादा गाठली की मग कार्गो खाली ठेवा, नाहीतर सीट रिकाम्या सोडा. तिकीट महाग का असं विचारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

पुणेरी_पुरवणी:

+१. उत्तम प्रतिसाद. एकच पुस्ती जोडतो, फेब्रुवारी २०२० मध्ये वादळामुळे जेट स्ट्रीम इतका जोरात होता की ब्रिटिश एअरवेजचं ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं, जमिनीच्या हिशोबाने ताशी १,३०० किमीच्या वर वेग. आता लगेच कुणी "मग आवाजाचा वेग तोडला का" विचारेल, नाही तोडला, हवेच्या मानाने वेग नेहमीचाच होता.

अवांतर: हे वारे आधी हुडकले ते ओइशी नावाच्या जपानी हवामानतज्ज्ञाने, १९२० च्या दशकात, फुगे सोडून. त्याने अहवाल छापला एस्पेरांतो भाषेत, जगाला समजावा म्हणून! अर्थातच फारसा कुणी वाचला नाही. मग दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन बॉम्बर जपानवर जाताना त्याच वाऱ्यात सापडले तेव्हा बोंब झाली.

कराडकर_आबा:

वा वा, एवढी माहिती! पृथ्वीगोल नातवाचा होता माळ्यावर, काढला, दोरा लावला आणि खरंच वर सरकला. हिला पण बोलावून दाखवलं तर म्हणाली ते सगळं ठीक आहे पण मला बाथरूमला जायला शेजारच्याला उठवावं लागेल का ते आधी विचारा.

डिस्पॅचर साहेब, म्हणजे जानेवारीत तिला जायला सगळ्यात जास्त वेळ लागणार असं समजायचं का? आणि थांब्याचं कुणीच बोललं नाहीये अजून.

माजी_डिस्पॅचर:

हो, जानेवारीत पश्चिमेकडे जाणं म्हणजे वर्षातला सगळ्यात सावकाश मोसम असं धरायला हरकत नाही. कंपन्या हिवाळी वेळापत्रकात ते धरूनच वेळ छापतात त्यामुळे पोचायला उशीर झाला असं वाटणार नाही, काही दिवशी तर लवकरच पोचेल.

थांब्याचं. इथे लोकांचा मोठा गैरसमज असतो की थांबा म्हणजे वळसा. आकडे बघा. मुंबई–लंडन ७,२०० किमी, लंडन–जेएफके ५,५५०. बेरीज १२,७५०. म्हणजे थेटपेक्षा फक्त दोनशे किमी जास्त! फ्रँकफर्टमार्गे साडेसहा हजार अधिक सहा हजार दोनशे, तेही तेवढंच. दुबईमार्गे १,९३० अधिक ११,०२० म्हणजे १२,९५०, चारशे जास्त. पृथ्वीगोलावरच्या त्या दोऱ्यापासून ही सगळी गावं फार लांब नाहीतच. वेळ खातो तो थांबा, वळसा नाही.

पण वहिनींच्या गुडघ्यांसाठी बघत असाल तर दुबई-दोहा-अबूधाबीचा थांबा फसवा आहे. मुंबईहून तीन-सव्वातीन तास आणि मग पुढे चौदाच्या आसपास सलग. म्हणजे ऐन मध्यरात्री उठून विमान बदलायचं आणि मोठा पल्ला आहे तसा आहेच. लंडन किंवा फ्रँकफर्टला मात्र प्रवासाचे जवळपास दोन भाग पडतात, नऊ-दहा तास आणि मग आठ-नऊ तास, मध्ये पाय मोकळे. तिथल्या ट्रान्झिट व्हिसाचे नियम तेवढे तिकिटाआधी कंपनीच्या साइटवर बघून घ्या, ते बदलत असतात.

एडिसनची_मंजू:

आबा, मी न्यू जर्सीतच असते आणि आईबाबा, सासूबाई, मावशी असे सगळ्यांना आळीपाळीने आणून झालेत, त्यामुळे विमानातलं गणित मला येत नाही पण बाकीचं सांगते.

पहिली गोष्ट, जर्सी सिटी असेल तर नेवार्क बघा. मुंबई–नेवार्क अंतर १२,५६५, म्हणजे विमानाला काहीच फरक नाही, पण जमिनीवर जमीन-अस्मान. नेवार्कहून जर्सी सिटी हाकेच्या अंतरावर, आणि जेएफके म्हणजे क्वीन्समध्ये, मध्ये अख्खं ब्रुकलिन किंवा मॅनहॅटन आणि दोन नद्या, सकाळच्या ट्रॅफिकमध्ये दीड-दोन तास आरामात जातात, त्यात आठ महिन्यांची पोटुशी मुलगी कशाला पाठवायची घ्यायला. तारखेला नेवार्कचं थेट नसलं तरी युरोपातून एक थांबा घेऊन नेवार्कला उतरता येतं.

दुसरं, काकू एकट्या येणार तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर असिस्टन्स मागा. लाजू नका, चालता येतं हो पण व्हीलचेअरवाला माणूस बरोबर असला की मुंबईत इमिग्रेशन, मधल्या विमानतळावर टर्मिनल बदलणं आणि इथली लांबच लांब रांग, कुठेही विचारत फिरावं लागत नाही. माझ्या मावशीला मधल्या एका विमानतळावर कुणीच घ्यायला आलं नाही आणि ती तिथेच बाकावर बसून राहिली, तेव्हापासून आम्ही कागदावर इंग्रजीत चार ओळी लिहून देतो: नाव, पुढचं विमान, कोण घ्यायला येणार, फोन नंबर. आणि संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर पाहिजे, म्हणजे पहिलं विमान लेट होऊन दुसरं चुकलं तर पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी कंपनीची, आणि बॅगही थेट इकडे. स्वस्त पडतात म्हणून दोन वेगळी तिकिटं जोडू नका, प्लीज.

अबूधाबीमार्गे आलात तर एक फायदा आहे, अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतं आणि इथे देशांतर्गत प्रवाशासारखं बाहेर पडता येतं. पण डिस्पॅचर काका म्हणतात तसं मग पुढे चौदा तास बसणं आलंच. थकलेल्या माणसाला इथली रांग जास्त जड जाते का सलग बसणं, ते काकूंनाच विचारा.

आणि कडेची सीट, आइल. त्यांच्या बाथरूमच्या प्रश्नाचं उत्तर तेच. मधल्या ओळीतली कडेची घ्या, खिडकीवाला सारखा उठवत नाही. दर दोन तासांनी उठून मागे पँट्रीपर्यंत चक्कर मारायची, पाणी प्यायचं, पायात ते घट्ट मोजे डॉक्टरांना विचारून.

डिंकाचे लाडू आणणारच काकू, आणा, पण फॉर्मवर खाण्याचं सामान आहे हे सांगायचं. सांगितलं की बहुतेक वेळा बघून सोडतात, लपवलं की दंड. ओलं खोबरं, फळं, कढीपत्ता, मांसाचं काहीही नको.

वाशीचा_विनू:

खिडकीप्रेमींसाठी: पश्चिमेला जाताना उत्तर उजवीकडे असते, त्यामुळे ग्रीनलंडचा बर्फ बघायचा असेल तर उजवी खिडकी. आकाश निरभ्र पाहिजे आणि उजेड पाहिजे, नाहीतर पंखच बघत बसावं लागतं.

बाकी १६ तासांना घाबरणाऱ्यांनी सिंगापूर–न्यूयॉर्क बघावं, १५,३०० किमीच्या वर आणि अठरा तासांहून जास्त, त्या विमानात इकॉनॉमी क्लासच नाही ठेवलेला. क्वांटासला तर सिडनीहून लंडन थेट करायचंय, १७,००० किमी.

बापूराव_एम:

आमचे थोरले काका साठच्या दशकात गेले होते, तेव्हा एअर इंडियाचं ७०७ होतं, न्यूयॉर्कची सेवा १९६० मध्ये सुरू झाली, वाटेत लंडन वगैरे थांबत जायचं. मुंबईहून थेट न्यूयॉर्क तर २००६-०७ च्या सुमारास सुरू झालं. काका सांगायचे की अख्खं कुटुंब सांताक्रूझला हार घेऊन सोडायला आलं होतं. आता दोन तास आधी उबर बोलवतात.

भूगोल_बाई:

बापूराव, हे मात्र छान सांगितलंत.

कराडकर_आबा:

सगळ्यांचे मनापासून आभार. घरी चर्चा होऊन असं ठरतंय की ही फ्रँकफर्ट किंवा लंडनमार्गे नेवार्कला जाईल, व्हीलचेअर घेऊन, मधल्या ओळीतली कडेची सीट. मी मार्चमध्ये थेट जाईन, मला सोळा तास झोप काढायला मिळाली तर हवीच आहे.

आता एकच शेवटचं. वेळेतला फरक कुठे साडेनऊ तास लिहिलाय, कुठे साडेदहा. आणि तिकिटावर रात्री १ वाजता निघून त्याच दिवशी सकाळी साडेसहाला पोचतं असं दिसतंय ते बरोबर ना? हिच्या बीपीच्या आणि माझ्या शुगरच्या गोळ्यांचं त्यावर अवलंबून आहे.

पुणेरी_पुरवणी:

बरोबर आहे. रात्री १ अधिक १६ तास म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे ५, त्यातून साडेदहा तास वजा केले की तिकडे सकाळचे साडेसहा, तारीख तीच. येताना उलट, सकाळी ११ ला निघून साडेचौदा तास उडालात तर आपल्या घड्याळात दुसऱ्या दिवशी दुपारचे १२. जाताना वाचलेला दिवस परत येताना असा वसूल होतो.

साडेदहा हा हिवाळ्यातला फरक. मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते घड्याळ एक तास पुढे करतात, मग साडेनऊ, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे. तुमचा मार्चचा प्रवास त्या रविवारच्या अलीकडे आहे का पलीकडे ते बघून ठेवा, मुलीला घ्यायला यायची वेळ सांगताना चुकायला नको. तिकिटावरच्या वेळा कायम त्या-त्या गावच्या घड्याळाने असतात, त्यात आपण काही वजा-बाकी करायची नसते.

एडिसनची_मंजू:

गोळ्यांचं मात्र इथे विचारून ठरवू नका आबा. तिकिटाचा प्रिंट घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा, ते वेळा बघून कागदावर लिहून देतील, विशेषतः इन्सुलिन घेत असाल तर. गोळ्या हँडबॅगेतच ठेवा, चेक-इन बॅगेत नको, मूळ पाकिटात आणि प्रिस्क्रिप्शनसकट. विमानात घड्याळ लगेच बदलू नका, उतरेपर्यंत भारतातलीच वेळ ठेवली की किती तास झाले ते कळत राहतं.

आणि हो, कराडहून सहारला यायचे तीनशे किलोमीटर, विमानतळावरचे चार तास, मधला थांबा आणि इथली रांग धरली तर घर ते घर दीड दिवस होतो. काकूंना आदल्या रात्री मुंबई-पुण्यात कुणा नातेवाइकांकडे मुक्काम करता आला तर बघा.

कराडकर_आबा:

चुलत बहीण डोंबिवलीला असते, तिला आत्ताच फोन लावतो.